मातीच्या गावाला पत्र्याचं छप्पर

आयुष्यभर मी गावं वसवली, पण त्यांतल्या एकाही गावात कुणी राहायला गेलं नाही. तशी अपेक्षाही नव्हती. माझी गावं टेबलावर मावायची.

दुबईत एखाद्या टॉवरचा पाया खणायच्या आधी त्याचं मॉडेल तयार होतं. सेल्स ऑफिसात मधोमध ते काचेच्या पेटीत ठेवतात, आतून दिवे लावतात, आणि गिऱ्हाईक पेटीला नाक टेकवून ‘यात माझा फ्लॅट कुठला’ असं विचारतं. टॉवर पुढे होतो किंवा होत नाही. मॉडेल मात्र झालेलं असतं. ते करणारा माणूस मी. कारखाना आधी अल कुसैसला होता, पुढे भाडं झेपेना म्हणून उम्म अल कुवैनला गेला. मीही त्याच्यामागे गेलो.

या धंद्याचे नियम सोपे आहेत. मॉडेलमध्ये धूळ नसते. गच्चीवर पाण्याच्या टाक्या नसतात, बाल्कनीत कपडे वाळत नसतात आणि झाडं बारमाही फुललेली असतात. एका बिल्डरने माझ्याकडे तक्रार केली होती की त्याच्या टॉवरची सावली त्याच्याच स्विमिंग पूलवर पडते, तेव्हा ती सावली दुसरीकडे वळवावी. आम्ही दिवा सरकवून वळवली. दुसऱ्या एकाला शेजारचा टॉवर आपल्यापेक्षा बुटका हवा होता. तोही करून दिला. गंमत अशी की त्या शेजाऱ्याचं मॉडेलही आमच्याकडेच चाललं होतं आणि त्यात पहिल्याचा टॉवर बुटका होता. दोन मॉडेलांच्या मध्ये एक पडदा लावून आम्ही तो महिना काढला.

माणसं पिशवीतून येतात. तांदळाच्या दाण्याएवढी, युरोपातून. कुत्रा फिरवणारी, बाबागाडी ढकलणारी, सगळी गोरी. त्यांना पुरुषांचा पांढरा कंदुरा आणि बायकांची काळी अबाया रंगवून इथलं करण्याचं काम नझीरभाईचं. हा रत्नागिरीजवळचा, खाडीकाठच्या गावचा. रंग आणि फिनिशिंग त्याच्याकडे. त्याचा एक रिवाज होता. प्रत्येक मॉडेलमध्ये, कुठे तरी झाडामागे नाही तर पार्किंगच्या कोपऱ्यात, तो एक लुंगीवाला माणूस उभा करायचा. हा माणूस दुबईतल्या सगळ्यांत महागड्या पत्त्यांवर राहून आलेला आहे. गिऱ्हाइकाला तो कधी दिसला नाही. गिऱ्हाईक वर बघत असतं.

मी मूळचा वसईचा. वडील सुतार. आमच्याकडे नाताळात अंगणात गोठा करतात, येशूजन्माचा देखावा: मातीचे डोंगर, पेंढ्याची झोपडी, कोळशाच्या पुडीचा रस्ता. नोकरीच्या मुलाखतीत अनुभव विचारला तेव्हा मी त्या गोठ्यांचे फोटो दाखवले. मुलाखत घेणारा मंगलोरचा कॅथलिक होता, त्यामुळे अनुभव पुरेसा ठरला. माझं नाव इनास. अरबीत हे बायकांचं नाव आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. कित्येक उद्घाटनांची निमंत्रणं मला ‘मॅडम इनास’ म्हणून आली. दारावरचा गार्ड पाहुण्या बाईंची वाट बघत राहायचा आणि मी मागच्या दाराने आत जायचो. मागच्या दाराने गेलं की समारंभ बरा दिसतो.

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, सगळ्यांत मोठं काम कुठलं? उंच टॉवरचं नाव ऐकायची त्यांची तयारी असते. मी सांगतो, पंजकेंत. मग ते तो कुठल्या बिल्डरचा प्रोजेक्ट म्हणून विचारतात.

ते काम आणलं रामीने. रामी एका इव्हेंट कंपनीचा क्रिएटिव्ह डायरेक्टर, बैरूतचा, मनाने गोड, आणि ‘वर्ल्ड क्लास’ म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही. प्राचीन व्यापारी रस्त्यांविषयी एक प्रदर्शन व्हायचं होतं आणि त्याच्या मध्यभागी एका जुन्या शहराचं मॉडेल हवं होतं. पंजकेंत आज ताजिकिस्तानात आहे, समरकंदहून मोटारीने एका सकाळीत पोचता येतं. आपल्याकडे पंजा म्हणजे पाच बोटं, तसं तिकडेही पंज म्हणजे पाच, आणि केंत म्हणजे गाव. पाच गावं. पण जुन्या जागी आता एकही नाही. टेकडीवर मातीच्या भिंती आहेत.

“हबीबी, वुई नीड गोल्ड डोम्स,” रामी म्हणाला. “कॅमल्स. लाइट्स. वर्ल्ड क्लास.”

घरी मुलीला सांगितलं की या वेळी पडकं गाव करायचं आहे. ती म्हणाली, “डॅडी, इफ इट्स ऑलरेडी ब्रोकन, हाउ विल दे नो यू मेड अ मिस्टेक?” मला हा मुद्दा बिनतोड वाटला. आठवडाभराने तो तुटला.

झालं असं. इमारतीचा नकाशा आमच्याकडे कॉम्प्युटरवर येतो, थरांमध्ये. एका थरात वायरिंग, एकात नळ, एकात फर्निचर, एकात भिंती. आम्ही भिंतींचा थर ठेवतो, बाकीचे बंद करतो आणि लेझर मशीनला कापायला देतो. पंजकेंतच्या उत्खननाचा नकाशा आला. त्यात नळ नव्हते, वायरिंग नव्हतं, सगळ्या थरांत भिंतीच होत्या. आम्हाला आनंद झाला. सगळ्या चालू ठेवल्या आणि कापल्या.

जोडायला बसल्यावर नझीरभाईने हाक मारली. “इनासदादा, ह्या घराला दार नाय.”

“खिडकीतून जात असतील.”

“खिडकी पण नाय. आणि रस्ता बघ. रस्त्यात मधेच भिंत. पलीकडे परत रस्ता.”

आम्ही पद्धतीप्रमाणे रामीला मेल केली: कृपया दारांची जागा कन्फर्म करा. रामीने ‘इन्शाल्ला’ असं उत्तर पाठवलं. आमच्या कारखान्यात त्या शब्दाचा अर्थ ‘या महिन्यात तरी नाही’ असा धरायचा. मग सोग्दियन लोक विक्षिप्त होते असं ठरवून आम्ही अर्धं शहर जोडून टाकलं.

सोग्दियन म्हणजे पंजकेंतचे लोक, चीन आणि इराण यांच्यामधल्या रस्त्यावरचे पक्के व्यापारी. कामापुरतं मी वाचत होतो. चिनी लोकांनी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय की मूल जन्माला आलं की ते त्याच्या तोंडात मध घालायचे, म्हणजे पुढे गोड बोलेल, आणि तळहाताला डिंक लावायचे, म्हणजे हातात आलेला पैसा चिकटून राहील. हे मी नझीरभाईला सांगितलं. तो ब्रश न थांबवता म्हणाला, “म्हणजे इथले इस्टेट एजंट.”

मग डॉक्टर गुलनोरा आल्या. ताजिकिस्तानातून, रामीच्या कंपनीच्या सल्लागार म्हणून. पन्नाशी उलटलेली, कापलेले केस, उन्हाने रापलेले हात, पर्समध्ये सुके जर्दाळू. विद्यार्थिनी असल्यापासून पंजकेंतला त्यांनी आपल्या गुरूंच्या हाताखाली उत्खनन केलेलं. टेबलाभोवती त्या एक चक्कर फिरल्या. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की स्टूल ओढून बसल्या आणि डोळे पुसले.

“मिस्टर इनास,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, “तुम्ही आजोबांना आणि नातवाला एकाच बिछान्यात झोपवलंय. आणि आजोबा जाऊन शंभर वर्षं झालीत.”

मातीचं घर जुनं झालं की लोक ते पाडत नसत. खोल्या मातीने भरून टाकायचे आणि वर नवं घर बांधायचे. दार बुजवायचे, शेजारी दुसरं फोडायचे. रस्त्यावर कचरा साठून रस्ताही वर यायचा. उत्खनन करणारा माणूस वरून खाली जातो, एकेक थर काढत, आणि सगळ्यांचा नकाशा ठेवतो. आम्ही पाचव्या शतकापासून आठव्यापर्यंतच्या सगळ्या भिंती एका पातळीवर उभ्या केल्या होत्या. दार नव्हतं कारण नातवाने ते बुजवलं होतं.

मी म्हणालो, “मॅडम, आमच्याकडे इमारतीला एकच शतक असतं. तेही ती पुरं करत नाही.”

त्यांनी जर्दाळू पुढे केले. शहर मोडून पुन्हा करायचं ठरलं. तेव्हापासून त्या रोज कारखान्यात यायला लागल्या. नझीरभाईला इंग्रजी बेताचं आणि त्यांना हिंदी नाही, पण दोघांचं फार चांगलं जमलं. दुकान, बाजार, दरवाजा, तयार हे शब्द त्यांच्याकडेही जवळजवळ असेच आहेत. क्रियापदांशिवाय, नुसत्या नामांवर ते दिवसभर बोलायचे. “दुकान,” त्या बोट ठेवून म्हणायच्या. “बाजार?” हा विचारायचा. “बाजार, बाजार.” रस्त्याकडेच्या श्रीमंत घरांना बाहेरून दुकानांचे गाळे होते, भाड्याने दिलेले, हे त्याला असं कळलं. हे अल कुसैसलाही असंच आहे, हे त्याने त्यांना मला मध्ये घेऊन सांगितलं.

त्या शहरातल्या लोकांना रिकामी भिंत सहन व्हायची नाही. दिवाणखान्यात खालपासून वरपर्यंत चित्रं: मेजवान्या, लढाया, देव. आणि सगळ्यांत खाली, बसलेल्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर, गोष्टींची एक बारीक पट्टी. गुलनोराबाईंनी एक फोटो दाखवला आणि ‘ही गोष्ट आम्हाला कुठून आली असेल ते सांगा’ म्हणाल्या. एक सिंह, एक ससा, एक विहीर. मी हसलो. ती गोष्ट मला माझ्या आईने जेवताना सांगितली होती, मी डाळ संपवावी म्हणून.

शेवटही त्यांनीच सांगितला. आठव्या शतकात अरब फौजा आल्या, शहर जळलं. लोक परतले, थोडी डागडुजी केली, पण दोन पिढ्यांत सगळे टेकडी उतरून खाली नदीकाठी गेले. मात्र आगीत लाकडी खांबांचा कोळसा झाला म्हणून त्यांच्यावरचं कोरीवकाम राहिलं. लाकूड कुजतं, त्याला वाळवी लागते. कोळसा तसाच राहतो. “आग आमच्यावर मेहेरबान होती,” त्या म्हणाल्या. “पाऊस नाही.”

मग एका दुपारी, कडक चहा पिता पिता, त्या इथे का आल्या ते कळलं. एका व्यापाऱ्याचं घर त्यांनी आणि त्यांच्या गुरूंनी मिळून खणलं होतं. पाहुण्यांना बघता यावं म्हणून ते उघडं ठेवलं. चित्रं म्युझियममध्ये गेली, भिंती टेकडीवर राहिल्या. दर हिवाळ्यात बर्फ, दर वसंतात पाऊस. तरुणपणी ज्या भिंतीच्या सावलीत उभ्या राहून त्या जेवायच्या, ती भिंत आता त्यांच्या गुडघ्याला लागत होती. त्यांना त्या घरावर छप्पर हवं होतं. गुरू वारले होते. छप्पर झालं नाही तर त्या स्वतः निवृत्त होईपर्यंत ते घर पुन्हा टेकडी होणार होतं. या प्रदर्शनाचा आश्रयदाता एक वयस्कर अरब व्यापारी होता. कुठल्या तरी एका जुन्या जागेच्या जतनाचा खर्च उचलीन, असं तो म्हणाला होता. उद्घाटनाला प्रदर्शन बघून ठरवणार होता. आणि प्रदर्शनात जागा पुष्कळ होत्या, प्रत्येकीचे तज्ज्ञ कोट घालून उभे राहणार होते.

रामीचं म्हणणं, म्हणूनच सोनं हवं. म्हाताऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत.

“सोनं दाखवलंत,” गुलनोराबाई मला म्हणाल्या, “तर मातीला छप्पर कोण देईल?”

मला त्यांचं पटलं. पण सही रामीची होती आणि रामीला पटवायची भाषा वेगळी. मी त्याला सांगितलं की आता जगात चकाकी कुणी करत नाही. हल्ली लक्झरी म्हणजे मॅट. कच्ची माती, एकच रंग. दुसऱ्या दिवशी तो स्वतः मला येऊन म्हणाला, “हबीबी, आय हॅव अॅन आयडिया. मॅट इज द न्यू गोल्ड.” मी त्याचं अभिनंदन केलं. उंट मात्र त्याने सोडले नाहीत. वेशीबाहेर तीन उंट ठेवायचे ठरले. गुलनोराबाई म्हणाल्या, ठेवू द्या, उंट खरंच होते.

खरी माती वापरायची तर कुठली? वाळवंटाची वाळू धरत नाही, हातातून सांडते. नझीरभाईचा एक गाववाला खोर फक्कानला बंदरात क्रेनवर होता. त्याला घेऊन हा डोंगरातल्या वादीत गेला, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या कोरड्या पात्रात, आणि पिकअप भरून बारीक गाळ घेऊन आला. तो चाळून, पाण्यात कालवून आम्ही एकास दोनशेच्या प्रमाणात शहर केलं. दोनशे फुटांचं एक फूट. या वेळी भिंती कुठे गुळगुळीत, कुठे ढासळलेल्या, आणि दारं ज्या त्या शतकात. पडकं करणं नव्यापेक्षा अवघड असतं. नवी भिंत कशीही सरळ असते; पडकी भिंत पडायला काही कारण लागतं. मी वसईच्या किल्ल्यात वाढलो, तिथल्या बिनछपराच्या चर्चमध्ये क्रिकेट खेळलो. पाणी कुठून शिरतं, पिंपळ कुठे रुजतो, कमान कुठून सुटते, हे मला डोळ्यांनी पाठ होतं. ते सगळं त्या मातीत उतरलं. काम करताना मी गाणी म्हणत होतो असं नझीरभाई सांगतो. मी ते नाकारतो.

शेवटचा हात वार्निशचा. हा आमचा धर्म आहे: कुठलंही मॉडेल वार्निशशिवाय दाराबाहेर जात नाही. गुलनोराबाईंनी नमुना बघितला आणि मान हलवली. मॅट वार्निशलाही किंचित चकाकी असते. “माती चमकत नाही, मिस्टर इनास.” मी धंद्यातली सगळी कारणं सांगितली. त्या ऐकून घेत राहिल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या. वार्निशचा डबा मी टूलबॉक्समध्ये तसाच ठेवला.

राहिली पाटी. अरब फौजांनी शहर जाळलं हे अरब आश्रयदात्याच्या प्रदर्शनात कसं लिहायचं, याने रामीची झोप उडाली. अनेक बैठकांनंतर मजकूर ठरला: ‘आठव्या शतकात नगराने एका नव्या पर्वात प्रवेश केला.’

नझीरभाईने पाटी वाचली. “म्हणजे जाळलं,” तो म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही डागडुजीचं सामान घेऊन हॉलवर गेलो. दारं सताड उघडी होती. लाल गालिचा अंथरला जात होता, फुलांचे ट्रक रिकामे होत होते, कुणी तरी बाजेवाल्यांना उभं राहायची जागा दाखवत होतं. बाहेर सप्टेंबरची दमट हवा, आत एसी पूर्ण जोरात. ज्यांनी इथे एक उन्हाळा काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. दमट हवा थंड पाइपला लागली की पाइपला घाम फुटतो. हॉलच्या छतातला मोठा पाइप नेमका पंजकेंतवरून जात होता.

एकास दोनशेच्या जगात एक थेंब म्हणजे आकाशातून टाकी कोसळणं. थेंब व्यापाऱ्याच्या घरावरच पडत होता. ज्या भिंतीसाठी बाई इतक्या लांब आल्या होत्या, तिचा कोपरा विरघळून रस्त्यावर आला होता. वार्निश असतं तर पाणी ओघळून गेलं असतं.

मेंटेनन्सवाला वर बघून म्हणाला, एसी बंद करता येणार नाही, व्हीआयपी येतायत. दारं बंद करता येणार नाहीत, गालिचा अजून व्हायचाय. टेबल हलणार नाही, खालून दिव्यांच्या वायरी आहेत. रामीने डोकं धरलं. मग एकदम उजळून म्हणाला, वर मोठा पुष्पगुच्छ ठेवू.

गुलनोराबाई टेबलाजवळ गेल्या. त्या विरघळलेल्या कोपऱ्याकडे बघत होत्या. नझीरभाईने ओल्या मातीला हात घालायला कालथा काढला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. “राहू दे. आमच्याकडे एप्रिल महिना असाच असतो.”

पण थेंब थांबत नव्हता. आणि माझे हात आपोआप चालू झाले. वसईला डिसेंबरात दव फार पडतं. अंगणातला गोठा सकाळपर्यंत लगदा व्हायचा. म्हणून वडील रोज संध्याकाळी त्याच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवायचे आणि वर झावळी टाकायचे, सकाळी काढायचे. झावळी नव्हती. वार्निशचा चौकोनी डबा होता. वार्निश मी एका बाटलीत ओतलं, डब्याचा पत्रा कापला, पाणी उतरावं म्हणून मधोमध वाकवला, आणि चार पितळी सळ्या ठोकून व्यापाऱ्याच्या घरावर तो उभा केला. घाईत एक सळी तिरकी गेली. पहिला थेंब पत्र्यावर पडला. टप्. उतारावरून ओघळून बाजूला अंथरलेल्या फडक्यात गेला.

रामी म्हणाला, हे भयंकर दिसतंय. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पत्र्यावर अजून वार्निश कंपनीचं चित्र होतं. ते खरवडेपर्यंत बाजा वाजायला लागला.

पाहुणे आले. भाषणं झाली. जगातल्या सगळ्या व्यापारी रस्त्यांनी याच हॉलकडे यायचं ठरवलं होतं असं त्यांतून निघालं. मग आश्रयदाते फिरायला निघाले, मागे कोटवाले तज्ज्ञ. म्हातारा ऐंशीच्या घरातला, हातात काठी. संगमरवराच्या प्रतिकृतींपुढून, उजळलेल्या घुमटांपुढून तो एकाच वेगाने चालत आला. आमच्यापाशी थांबला, कारण टप् असा आवाज झाला.

त्याने पत्र्याकडे बघितलं. मग कोटवाल्यांना सोडून माझ्याकडे, कारण माझ्या हातात पक्कड होती. जुने अरब व्यापारी मुंबईची हिंदी छान बोलतात. त्यांच्या तरुणपणी माल तिकडूनच यायचा.

“ये छत उस टाइम का है?”

“नहीं अरबाब,” मी म्हणालो; इथे मालकाला अरबाब म्हणतात. “आज सुबह का है.”

“क्यों?”

“ऊपर से पानी गिरता है. मिट्टी का घर है.”

त्याने काठी बगलेत धरली, वाकून विरघळलेल्या कोपऱ्यातली चिमूटभर माती बोटांत घेतली आणि चोळली. “कहाँ का मिट्टी?”

“खोर फक्कान का, अरबाब,” नझीरभाई मागून म्हणाला.

म्हातारा हसला. त्याच्या आजोबांचं घर खोर फक्कानला होतं, दगड आणि हीच माती. कुटुंब शहरात गेलं, छपराकडे कुणी लक्ष दिलं नाही. छप्पर गेलं, मग दोन पावसांत घर गेलं. हे त्याने आम्हाला तिघांना सांगितलं, मागचे सगळे अरबीत माना डोलवत असताना. मी गुलनोराबाईंना इंग्रजीत सांगत होतो. मग त्या बोलल्या, थोडक्यात: खरं घर असं आहे, खरी भिंत अशी जाते, छप्पर असं हवं. मी ते हिंदीत सांगितलं. त्या पत्र्याकडे बोट दाखवत होत्या, त्यामुळे मला फार शब्द लागले नाहीत.

मग त्याने पाटी वाचली. इंग्रजीही त्याला येत होतं. नवं पर्व वाचून त्याने मान वर केली.

“जला किसने दिया?”

रामीने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. वर्ल्ड क्लास होती. मी प्रश्न बाईंना सांगितला. त्यांनी जराही न थांबता उत्तर दिलं आणि मला म्हणाल्या, सांगा. आता छप्पर माझ्या तोंडात होतं. गोड करून सांगता आलं असतं. इतकी वर्षं सावल्या वळवून दिल्या होत्या, ही एक आणखी. पण बाई बघत होत्या आणि त्यांना हिंदी येत नसलं तरी ‘अरब’ हा शब्द कळला असता.

“अरब फौज ने, अरबाब.”

म्हाताऱ्याने पाटीकडे पुन्हा एकदा बघितलं. “मतलब हम लोग ने.”

“बहुत पुराना बात है.”

“घर भी तो पुराना है.” वरून पुन्हा थेंब पडला. त्याने काठीने पत्र्याला हलकेच टोचलं, हलतो का बघायला. हलला नाही. “हम लोग ने जलाया, तो छत भी हम लोग ही डालेगा. नहीं?”

“इन्शाल्ला,” नझीरभाई सवयीने म्हणाला.

“इन्शाल्ला तो है,” म्हातारा त्याच्याकडे वळला. “लेकिन मैंने बोला है. समझा?”

मग तो पुढच्या दालनात गेला आणि मागून कोटवाले गेले. गुलनोराबाईंनी पर्स उघडली, मला वाटलं रुमाल काढतील. त्यांनी जर्दाळू काढले आणि आम्ही तिघांनी उभ्या उभ्या खाल्ले. रामी परत आला तेव्हा तो सगळ्यांना सांगत होता की पाण्याच्या थेंबांचं इन्स्टॉलेशन ही त्याची कल्पना.

प्रदर्शन संपल्यावर ते मॉडेल लाकडी पेटीत बंद होऊन एका गोदामात गेलं. आता तिथे आहे की नाही मला माहीत नाही. टॉवर विकून झाले की टॉवरांची मॉडेलं कचऱ्यात जातात, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. या एकाबद्दल वाटतं. गोदामांनाही छप्पर लागतं, पण त्यासाठी कुणी अरबाब येत नाही.

म्हाताऱ्याने शब्द पाळला. दोन हिवाळे गेल्यावर गुलनोराबाईंनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. टेकडी, मागे बर्फाचे डोंगर, मातीची बुटकी भिंत आणि तिच्यावर उतरतं पत्र्याचं छप्पर. इतकं कुरूप छप्पर मी जन्मात पाहिलं नाही. भिंत कोरडी होती. खाली जाड कोट घातलेला एक चौकीदार उभा होता. मी तो फोटो नझीरभाईला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

“दादा, आपला लुंगीवाला थंडीला कोट घालून तिकडे पोचला की रे.”

नंतर मी फोटो मोठा करून बघितला. छपराचे चार खांब लोखंडी, चांगले जाड. त्यांतला एक थोडा तिरका होता. गुलनोराबाईंना विचारलं. त्यांनी लिहिलं, गवंडी सरळ करत होता, मीच नको म्हटलं. मॉडेलमध्ये तसाच होता.